हातोडी आधी, आवाज नंतर : एका व्हीएचएस टेपचं प्रकरण

“सुरुवातीला ठीक वाटतं, दादा. पण पुढे पुढे बाबांचे ओठ आधी हलतात आणि शब्द मागाहून येतात.”

एवढीच तक्रार घेऊन ताई आल्या होत्या. सोबत पेन ड्राइव्हवर एक एव्हीआय फाइल आणि मूळ व्हीएचएस टेप. त्यांचे वडील सुतार होते. कार्यशाळेत शिकाऊ मुलांना लाकडाचे सांधे करायला शिकवताना कुणीतरी कॅमेरा स्टँडवर लावून सगळं टिपून ठेवलं होतं. पाल पद्धतीची (आपल्याकडच्या टीव्ही-चित्राची पद्धत), एसपी म्हणजे नेहमीच्या वेगाने भरलेली, एकूण १६० मिनिटांची टेप. वडील आता नाहीत आणि त्यांचा आवाज असलेलं घरातलं हे एकमेव चित्रण. फाइल आधी दुसरीकडून करून घेतली होती. चित्र एका स्वस्त यूएसबी कॅप्चर उपकरणातून आणि आवाज संगणकाच्या साउंड कार्डातून, असं ते काम झालं होतं.

दुरुस्तीचा एक प्रयत्नही होऊन गेला होता. शेवटी आवाज पाऊण-एक सेकंद मागे आहे, हे पाहून ताईंच्या भाच्याने सगळा ऑडिओ तेवढा आवळला. शेवट बरोबर जुळला, पण मधला भाग आधीपेक्षा वाईट झाला. पहिल्या तासाच्या अखेरीस वडील बोलायच्या आधीच शब्द ऐकू यायला लागले. भाच्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही, बहुतेक जण हेच करतात. आवाज मागे आहे, तर पुढे ओढा. पण आवाज किती मागे आहे याआधी तो कसा मागे पडत गेला हे पाहावं लागतं. एकाच टेपमध्ये तीन वेगळे दोष एकमेकांत मिसळलेले मला इतक्या स्पष्टपणे क्वचितच सापडले आहेत, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतो.

पहिलं काम म्हणजे ऐकण्याच्या साधनांवरचा संशय दूर करणं. ब्लूटूथ हेडफोन आवाज सहज शंभर-दोनशे मिलिसेकंद उशिरा देतो, आणि आजचे टीव्ही चित्रावर प्रक्रिया करताना तेच चित्राच्या बाबतीत करतात. म्हणून तारेचा हेडफोन घेतला आणि खरं मोजमाप कानावर न सोडता टाइमलाइनवर केलं.

मोजमाप

ही टेप सुताराची होती हे माझं नशीब. प्रत्येक हातोडीचा घाव म्हणजे आयता क्लॅप, चित्र आणि आवाज जुळवायची खूण. पाल चित्रण सेकंदाला २५ फ्रेमचं, म्हणजे एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. पण प्रत्येक फ्रेममध्ये दोन फील्ड, म्हणजे एकाआड एक ओळींची दोन अर्धी चित्रं, असतात. डीइंटरलेस करून ते वेगळे केले की सेकंदाला ५० चित्रं मिळतात आणि २० मिलिसेकंदांपर्यंत बारीक पाहता येतं. एका फील्डमध्ये हातोडी खिळ्याच्या वर, धूसर. पुढच्यात ती खिळ्याला टेकलेली आणि स्थिर. वेव्हफॉर्मवर, म्हणजे आवाजाच्या आलेखावर, त्याच घावाची सरळ उभी भिंत. या दोन जागांमधलं अंतर म्हणजे चूक. कॅमेरा बाकापासून साधारण चार मीटरवर असावा. ध्वनीला तेवढं अंतर कापायला १२ मिलिसेकंद लागतात, तेव्हा तो फरक मोजमापाच्या आतच बुडून जातो.

हातोडी नसेल तर ओठ. आपल्या वर्णमालेने ती सोय केलेलीच आहे: प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण. ‘प’ म्हणताना ओठ पूर्ण मिटतात आणि उघडतात त्याच क्षणी वेव्हफॉर्मवर लहानसा स्फोट दिसतो. ‘पटाशी’ हा शब्द त्या टेपमध्ये इतक्या वेळा येतो की मला त्याचा आकार पाठ झाला. ‘र’ किंवा ‘स’वर मोजू नये, तिथे ओठांवरून काहीच ठरत नाही.

सात ठिकाणी मोजलं. भाच्याने हात लावलेली नव्हे, तर मूळ फाइल घेतली. चौथ्या मिनिटाला आवाज ४० मिलिसेकंद मागे होता, ३१व्या मिनिटाला १००, ५८व्याला १६०. मग ६३व्या मिनिटाला एकदम ४६०. ९७व्याला ५४०, १२८व्याला ८२० आणि १५१व्याला ८८०.

हे आकडे कागदावर आलेखासारखे मांडले आणि बराचसा उलगडा तिथेच झाला. रेषा सरळ नव्हती. ती हळूहळू चढत होती, मध्येच पायरी चढल्यासारखी उडी मारत होती, पुन्हा त्याच चढाने जात होती आणि पुन्हा एक पायरी. शिवाय सुरुवातही शून्यावर नव्हती. तीन आकार, म्हणजे तीन कारणं.

आणखी एक खूण फाइलमध्येच होती. मीडियाइन्फो या फाइलचा तपशील दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चित्राच्या प्रवाहाची लांबी आणि आवाजाच्या प्रवाहाची लांबी वेगवेगळी बघता येते. इथे आवाज चित्रापेक्षा जवळपास ०.८६ सेकंद लांब होता. दोन्ही एकाच क्षणी सुरू होऊन एकाच क्षणी थांबले असतील, तर लांबी सारखी यायला हवी. ती येत नसेल, तर कॅप्चरमध्येच काहीतरी सांडलेलं आहे.

भाच्याची दुरुस्ती का फसली हेही आता दिसतं. ८८० मिलिसेकंद १५१ मिनिटांवर सारखे वाटले तर ५८व्या मिनिटाला सुमारे ३४० वजा होतात, आणि तिथे खरी चूक फक्त १६० होती. म्हणजे आवाज १८० मिलिसेकंद पुढे गेला. ६३व्या मिनिटाला उलट, तो सुमारे ९० मागे. माणसाला उशिरा येणारा आवाज सवयीचा असतो, कारण निसर्गात प्रकाश नेहमी आधी पोहोचतो. लवकर येणारा आवाज मात्र लगेच खुपतो. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या १९९८च्या बीटी.१३५९-१ या शिफारशीत हेच आकड्यांत आहे: आवाज ४५ मिलिसेकंद पुढे गेला की कळतो, मागे पडलेला १२५ झाल्यावर कळतो. सहन होण्याची मर्यादा पुढे ९० आणि मागे १८५. दुरुस्त केलेल्या फाइलमध्ये आवाज पुढच्या बाजूच्या मर्यादेच्या दुप्पट पुढे होता. मूळ फाइलमध्ये त्याच जागी १६० मागे असूनही फारसं जाणवत नव्हतं.

टेपचा दोष नव्हता

“टेप जुनी आहे, ताणली गेली असेल,” असं ताईंना कुणीतरी सांगितलं होतं. टेप ताणली जाते हे खरं, पण त्याने आवाज आणि चित्र एकमेकांपासून फुटत नाहीत. दोन्ही एकाच पट्टीवर आहेत. पट्टी हळू गेली तर दोघंही हळू जातात. गाडीचे दोन डबे, इंजिन एक. फुटतात ते टेपमधून बाहेर पडल्यावर, कारण तिथून पुढे प्रत्येकाचं घड्याळ वेगळं होतं.

व्हीसीआरमध्ये चित्र वाचणारी हेडं बसवलेला ड्रम सेकंदाला २५ फेरे घेतो, मिनिटाला १५००, आणि तो वेग यंत्रातल्या क्रिस्टलच्या (घड्याळाचा ठोका देणाऱ्या स्फटिकाच्या) हिशोबाने धरलेला असतो. म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम हे व्हीसीआरचं घड्याळ ठरवतं. आवाजाचे सेकंदाला ४८,००० नमुने हे साउंड कार्डचं घड्याळ ठरवतं. दोघंही आपापल्या परीने प्रामाणिक, पण दोघांचा सेकंद हुबेहूब सारखा नाही. आपल्या आलेखाचा चढ मिनिटाला सुमारे २.४ मिलिसेकंद निघतो, म्हणजे दहा लाखांत ४०. साध्या क्रिस्टलमध्ये एवढा फरक अगदी सामान्य आहे. पाच मिनिटांच्या क्लिपमध्ये तो कुणाला दिसणार नाही, पण १६० मिनिटांत ३८० मिलिसेकंदांवर जातो. हा पहिला दोष, सरकत जाणारा.

पायऱ्यांचं कारण वेगळं. ६१व्या मिनिटाला कॅमेरा बंद करून, टेप मागे-पुढे करून पुन्हा चित्रण सुरू केलेलं दिसतं. मध्ये दोनेक सेकंद कोरी टेप आहे, पडद्यावर नुसत्या मुंग्या. ११८व्या मिनिटाला टेप चुरगळलेली आहे, चित्र उड्या मारतं. दोन्ही ठिकाणी सिंक पल्स, म्हणजे ओळ आणि फ्रेम कुठे सुरू होते हे सांगणाऱ्या खुणा, हरवतात. स्वस्त कॅप्चर उपकरणाला फ्रेम कुठे सुरू होते हेच कळेनासं झालं की ते फ्रेम द्यायचंच थांबवतं. साउंड कार्डला यातलं काहीच ठाऊक नसतं, ते आवाज भरतच राहतं. एव्हीआय फाइलमध्ये प्रत्येक फ्रेमसोबत तिची वेळ लिहिलेली नसते. फ्रेमची नुसती रांग असते आणि सगळ्यांसाठी एकच दर. रांगेतले सात जण गळाले की मागचे पुढे सरकतात आणि जागा बुजून जाते. पहिल्या पायरीला ७ फ्रेम, म्हणजे २८० मिलिसेकंद. दुसरीला ५, म्हणजे २००. पाहणाऱ्याला मुंग्यांमध्ये सात फ्रेम कमी आहेत हे कधीच कळणार नाही. कळतं ते दोन मिनिटांनी, हातोडी पडते तेव्हा.

तिसरा, सुरुवातीचा ४० मिलिसेकंदांचा फरक, फाइलभर सारखा राहतो. साउंड कार्डाचा बफर (आवाजाचा तात्पुरता साठा) किंवा दोन प्रवाह सुरू होण्यातला फरक असावा. हा सगळ्यात निरुपद्रवी, आणि फक्त हाच ‘आवाज सरकवून’ बरा होतो.

टेप हाताशी नसती तर हीच फाइल सुधारली असती. ती पद्धत अशी: पायरीच्या दोन्ही जागा शोधून तिथे ७ आणि ५ फ्रेम परत भरायच्या, मुंग्यांच्याच शेजारच्या फ्रेमची नक्कल चालते. मग ऑडिओचा दर ४८,००० ऐवजी ४८,००२ आहे असं एफएफएमपेग या प्रोग्रॅमला सांगून तो ४८,०००ला रिसॅम्पल करायचा, म्हणजे त्या दराने नमुने नव्याने काढायचे. त्याने दहा लाखांत ४०चा चढ जवळपास पूर्ण उतरतो, आणि एवढ्याशा फरकाने स्वर बदललेला कोणत्याही कानाला कळत नाही. शेवटी ४० मिलिसेकंद सरकवायचं. क्रम महत्त्वाचा: आधी पायऱ्या, मग चढ, मग सरकवणं. उलट केलं की प्रत्येक पायरीवर पुन्हा मोजत बसावं लागतं.

पण टेप समोर होती आणि चालत होती. अशा वेळी फाइल सुधारत बसणं मला पटत नाही. गळालेल्या फ्रेम परत भरता येतात, त्यांच्यातलं चित्र परत येत नाही. चुरगळलेल्या जागेच्या त्या पाच फ्रेममध्ये वडिलांचा हात होता.

पुन्हा कॅप्चर

साखळी अशी लावली. लाइन टीबीसी (टाइम बेस करेक्टर) असलेला एस-व्हीएचएस डेक, म्हणजे वरच्या दर्जाचा व्हीसीआर. त्यातून चित्र फ्रेम सिंक्रोनायझरमध्ये. तिथून ॲनालॉगचं एसडीआय (चित्र आणि आवाज एकत्र नेणारा डिजिटल सिग्नल) करणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये, आणि आवाज डेकमधून थेट त्याच कन्व्हर्टरमध्ये.

लाइन टीबीसी ओळींचं थरथरणं सावरतो, उभ्या कडा सरळ करतो. पण सिग्नल तुटला तर तो पुरा पडत नाही. त्यासाठी फ्रेम सिंक्रोनायझर लागतो. तो अख्खी फ्रेम स्मृतीत धरतो आणि स्वतःच्या घड्याळाने नियमित बाहेर देतो. आत मुंग्या असोत की काहीच नसो, बाहेर फ्रेम येतच राहते. एसडीआयचा फायदा असा की आवाजाचे नमुने चित्राच्या घड्याळाला बांधलेले असतात: एका फ्रेममागे १,९२० नमुने, ना एक कमी ना एक जास्त. साउंड कार्डाचं स्वतंत्र घड्याळ गेलं, तिथेच चढ संपला.

याची एक किंमत आहे आणि ती लपवू नये. डेकचं घड्याळ आणि सिंक्रोनायझरचं घड्याळ यांत फरक उरतोच. तो फरक एका फ्रेमएवढा साचला की सिंक्रोनायझर एक फ्रेम दोनदा देतो किंवा एक वगळतो. दहा लाखांत ४०चा फरक असेल तर हे साधारण १७ मिनिटांतून एकदा होतं. त्यामुळे जुळणी करवतीच्या दातांसारखी एका फ्रेमच्या आत वर-खाली होत राहते, पण साचत नाही. पाऊण सेकंदाच्या बदल्यात हे मी आनंदाने स्वीकारतो.

टेप घालण्याआधी साखळीची परीक्षा घेतली. दर सेकंदाला एक पांढरी झलक आणि त्याच क्षणी एक बीप, असा सिग्नल दोन तास तिच्यातून जाऊ दिला. चित्र सिंक्रोनायझरमध्ये थांबतं, आवाज थांबत नाही, म्हणून आवाज पुढे येणार हे अपेक्षितच होतं. तो २० ते ६० मिलिसेकंद पुढे आला. पहिल्या मिनिटाला तेवढाच आणि दोन तासांनीही तेवढाच. आवाजाला ४० मिलिसेकंदांचा विलंब दिला की चूक दोन्ही बाजूंना २०च्या आत राहते. हा दोन तासांचा खटाटोप पुष्कळ जण टाळतात. दहा मिनिटांची परीक्षा घेतात, आणि दहा मिनिटांत दहा लाखांत ४०चा चढ जेमतेम एका फील्डएवढा होतो.

फाइल एमकेव्ही या प्रकारात ठेवली, चित्र एफएफव्ही१ या संकुचन पद्धतीत आणि आवाज पीसीएममध्ये, म्हणजे न दाबता. या चित्राचा अजिबात न दाबलेला आठ-बिट प्रवाह तासाला सुमारे ७५ जीबी होतो. एफएफव्ही१ तो बराच कमी करतो आणि एकही बिट गमावत नाही. कॅप्चर चालू असताना संगणकावर दुसरं काहीही चालवलं नाही. डिस्क क्षणभर अडली तरी फ्रेम गळते, आणि मग चूक टेपची की संगणकाची, हे शोधत बसावं लागतं.

त्याच सात ठिकाणी पुन्हा मोजलं. कुठेही २० मिलिसेकंदांपलीकडे फरक नाही. जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवून ५८व्या मिनिटाच्या घावापासून ६३व्या मिनिटाच्या घावापर्यंतच्या फ्रेमही मोजल्या. नवीत ७ जास्त. ११८व्या मिनिटाच्या आजूबाजूला तसंच केलं, ५ जास्त. चुरगळलेल्या जागेत चित्र फाटकंच आहे, पण हात दिसतो.

सांध्याची जागा

एक गोष्ट मात्र मुद्दाम तशीच राहिली. ८८व्या मिनिटाला टेप कधीतरी तुटली होती. वीतभराहून अधिक, साधारण ३० सेंटिमीटर खराब तुकडा काढून दोन टोकं चिकटवलेली. (असा सांधा डेकमध्ये घालण्याआधी भिंगाखाली तपासावाच. चिकटपट्टीची कड उचललेली असेल तर ती ड्रमवरचं हेड उपटून काढू शकते.) ताईंना वाटत होतं की आवाज बिघडायला सुरुवात तिथूनच होते, कारण सांध्यानंतर समोर वडील एका फळीवर वाकलेले दिसतात आणि ऐकू येतं ते भलतंच काहीतरी. पण ६३व्या मिनिटाला चूक ४६० होती आणि ९७व्याला ५४०. मधल्या ३४ मिनिटांच्या चढाचा हिशोब ८० येतो, आणि वाढ तेवढीच आहे. सांध्याने जुळणीत काहीच भर घातलेली नाही.

मग ते भलतंच काय? व्हीएचएसमध्ये चित्र ड्रम वाचतो आणि कडेच्या पट्टीवरचा आवाज एक स्थिर हेड वाचतं. ते हेड ड्रमच्या पुढे, टेपच्या वाटेवर सुमारे ७९ मिलिमीटरवर बसवलेलं असतं. एसपी वेग सेकंदाला २३.३९ मिलिमीटर, म्हणजे ते अंतर कापायला टेपला ३.४ सेकंद लागतात. भरतानाही तेच अंतर आणि वाजवतानाही तेच, म्हणून एरवी कुणाला पत्ताही लागत नाही. पण टेप कापली की प्रत्येक चित्राचा आवाज त्याच्यापासून ७९ मिलिमीटर दूर आहे हे उघड होतं. सांध्याआधीच्या शेवटच्या ७९ मिलिमीटरवरचा आवाज कापून टाकलेल्या चित्राचा आहे. आणि सांध्यानंतरच्या पहिल्या ३.४ सेकंदांच्या चित्राचा आवाज काढून टाकलेल्या तुकड्याबरोबर गेलेला आहे.

हे मी ताईंना कागदावर टेप काढून दाखवलं. त्या बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे जो तुकडा फेकला, त्यातलं बाबांचं बोलणं अजून आहे?”

“आहे. पहिले ३.४ सेकंद.”

जतन करायची मूळ फाइल जशी टेप आहे तशीच ठेवली. पाहण्याच्या प्रतीत मात्र ताईंच्या सांगण्यावरून सांध्याच्या जागी ३.४ सेकंद काळा पडदा घातला आणि त्याखाली तो आवाज ठेवला. पुढची ३.४ सेकंदं वडील फळीवर वाकलेले दिसतात, निःशब्द. मग हातोडी पडते आणि आवाज परत येतो. काळ्या पडद्यावर एक पटाशी खाली ठेवल्याचा खडखडाट ऐकू येतो आणि मग ते म्हणतात, “आता हे टोक जरा धर, मी—”